पंख दोन सूत जास्त

अमरावती, ता. १४ मार्च १९४५

ती. सौ. मनकर्णाबाईस धाकट्या शेषरावचा नमस्कार पोचावा.

गेल्या शनिवारी तू माझ्या दारातून पाण्याचा घोट न घेता परत गेलीस. सुभद्रेनं ताट वाढलं होतं, ते तसंच राहिलं. आणि रस्त्यात उभी राहून तू जे ओरडलीस, "सख्ख्या भावानं बहिनीचा संसार विकला हो!", ते सगळ्या आळीनं ऐकलं. बाई, मी शाळेत ड्रॉइंग मास्तर आहे. मला याच आळीतून रोज जावं लागतं. तू माझी मोठी बहीण म्हणून गप्प बसलो.

काम काय होतं ते तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. आकाशात विमान दिसलं की ते आपलं की शत्रूचं हे शिपायाला तीन मोजेपर्यंत ओळखता आलं पाहिजे. चुकला तर तो आपल्याच माणसावर तोफ डागायचा. म्हणून लष्कराचे लोक लाकडाची विमानं करून घेतात, सहा फुटांचा एक इंच या मापानं. त्यांना काळा रंग देतात, दोरीला टांगतात आणि शिकाऊ पोरांना विचारतात, ओळख. मला छावणीकडून एकाच जातीची साठ विमानं करून द्यायचं काम आलं. हे विमान नवीनच निघालेलं, नाकावर पंखा नसलेलं, मागून आग सोडत जाणारं.

अमरावतीचे सुतार बैलबंडी करतील, चौकट करतील, पण कडेला पानासारखा पातळ होत जाणारा पंख कोण करणार? मला माझ्या भाटव्यांची, तुझ्या मालकांची, आठवण झाली. नत्थुजी जातीनं माळी, पण तान्ह्या पोळ्याला लेकरांनी ओढायचे त्यांचे लाकडी बैल घ्यायला बार्शीटाकळीपासून लोक येतात. मीच त्यांना अकोल्याहून बोलावलं. कार्तिकापासून ते आमच्या ओसरीवर बसून काम करत होते. सुभद्रेनं त्यांना कधी शिळं वाढलं नाही, हेही लक्षात ठेव.

आता चुकीचं सांगतो. छावणीतून मला दोन नकाशे आले. पहिला होता कारखान्यानं आधी करून पाहिलेल्या एकाच विमानाचा. त्याचा पंख लांब, टोकाला भाकरीच्या काठासारखा गोल. पुढे कारखान्यानं लढाईसाठी शेकड्यानं विमानं करायला घेतली, तेव्हा दोन्ही पंखांची टोकं दीड-दीड फूट कापून टाकली, करवतीनं कापावी तशी सरळ. आपल्या लाकडात दीड फूट म्हणजे दोन सूत. सुताराची दोन सूत, बाई, पाव इंच! छावणीचा साहेब तपासायला आला, त्यानं पट्टी लावली आणि साठही विमानं पहिल्या, गोल पंखाची निघाली.

दुसरा नकाशा मी भाटव्यांना दिला होता. साहेबाला सांगितलं तेच तुला सांगतो. पण वीस वर्षं लेकरांचे बैल करणाऱ्याचा हात तो. लेकराच्या तळहाताला ओरखडा नको म्हणून शिंग, कान, चाक सगळं ते गोल करतात. कोपरा दिसला की त्यांची कानस आपोआप फिरते. मी साहेबाला म्हटलं, मुद्दाम नाही केलं, सवय आहे. त्यांना वाचवायलाच म्हटलं. पण साहेबाच्या टेबलावर गोवर्धनचा कागद होता. भाटव्यांचा हा धाकटा भाऊ बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला, मग थोरल्यानं सरकारचा घात करायला विमानं बिघडवली असं त्यांनी जोडून टाकलं आणि भाटव्यांना धरून नेलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. यात माझा काय दोष?

खुशालराव वकिलांना मी भेटलो आहे. तू काळजी करू नकोस.

तुझा,
शेषराव


अमरावती, ता. ६ एप्रिल १९४५

ती. सौ. बाईस नमस्कार.

भाटव्यांना एक वर्ष सक्तमजुरी झाली हे तुला कळलंच असेल. तू कोर्टात आली नाहीस ते एका अर्थी बरं झालं. तुला पाहून त्यांचा धीर सुटला असता.

माझी साक्ष दहा मिनिटांत संपली. मी नकाशा दिला, त्यांच्याकडून सवयीनं चूक झाली, एवढंच बोललो. मग न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, मास्तरांनी तुला दुसरा नकाशा दिला होता की नाही? भाटव्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. पोरगं पाढा विसरल्यावर मास्तरकडे पाहतं तसं पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर मनते तं देल्ला असंन. मास्तर खोटं कायले बोलतीन? माह्याच हातानं झालं असंन, साहेब."

खुशालरावांनी कपाळाला हात लावला. आरोपीच कबूल झाल्यावर वकील काय करणार?

तुझं कार्ड काल मिळालं. चौथी शिकलेल्या बाईनं सुतारकाम शिकवावं असे दिवस आले माझ्यावर! तू लिहितेस, "कानशीनं लाकूड कमी होते, वाढत नाई. गोल केलं असतं तं पंख आखूड झाला असता. मंग तो दोन सूत लांब कसा?"

कोर्टात एवढे शिकलेले लोक बसले होते, कुणाच्या डोक्यात हे आलं नाही. तुझ्या कसं आलं? कुणी शिकवलं तुला?

याचं उत्तर सोपं आहे. नकाशावरून पुठ्ठ्याचा फर्मा कापून तो लाकडावर ठेवतात आणि भोवती पेन्सिल फिरवतात. नवा फर्मा दिल्यावरही जुना खुंटीवरच होता. हात बसलेला म्हणून त्यांनी जुनाच घेतला असेल. झालं. तू हे कार्ड दुसऱ्या कुणाला लिहू नकोस. उगाच नवे फाटे फुटतील आणि त्यांनाच जड जाईल.

शेषराव


अमरावती, ता. २३ मे १९४५

ती. सौ. बाईस,

काल मी अकोल्यास आलो होतो. तुझ्याकडे आलो नाही. बाजारात पलीकडच्या बाजूनं तुला पाहिलं. तू मोगऱ्याची टोपली पुढे घेऊन बसली होतीस आणि एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतीस. वाळली आहेस. मी छत्री पुढे धरली आणि निघून गेलो.

तुरुंगात भाटव्यांना भेटलो. बरे आहेत असं लिहिणार होतो, पण तू दर पंधरवड्याला जातेस, तुला डोळे आहेत. त्यांना आत सुतारकाम देऊ केलं होतं. सावलीत बसून, पटाशी-रंधा घेऊन. ते नको म्हणाले आणि स्वतः मागून दळणाची चक्की घेतली. मी विचारलं, "काहून?" तर हात उलटेसुलटे करून पाहत म्हणाले, "या हाताचा आता भरोसा नाई राह्यला, मास्तर. मी सरळ कराले जाईन अन् हा गोल करंन. मलेच कळन नाई."

मग ते पुढे सरकले आणि हळूच विचारलं, "एक सांगा. तो दुसरा फर्मा कोन्या पुठ्ठ्याचा होता? मी लय आठवून पाहून राह्यलो, पण आठवतच नाई."

मी म्हटलं, पिवळ्या.

ते बराच वेळ डोळे मिटून बसले. मग त्यांचा चेहरा उजळला. "हो, पिवळाच. आता आठवलं. खुंटीवरच तं होता. पाहा, माह्यासमोर असून म्या जुनाच घेतला." आणि आठवलं म्हणून त्यांना बरं वाटलं, बाई. मला हात जोडले.

घरी आल्यावर सुभद्रेनं विचारलं, बरे आहेत का? मी हो म्हटलं.

बाई, पिवळा पुठ्ठा नव्हता. कोणताच नव्हता.


अमरावती, ता. २४ मे १९४५

बाई,

कालचं पत्र मी पेटीत टाकून आलो. आता टाकलंच आहे तर पुरतं सांगतो.

दुसरा नकाशा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. तोवर चाळीस विमानं होऊन ओसरीवर ओळीनं मांडलेली होती. छावणीला मी आधीच कळवून बसलो होतो की काम वेळेआधी देतो. हेडमास्तरांना ती चाळीस दाखवून शाबासकी घेतली होती. नकाशा उघडला आणि पंखाचं टोक पाहिलं तेव्हा पहिला विचार काय आला सांगू? भाटव्यांना कसं सांगू की माझा नकाशा जुना निघाला? मीच त्यांना दिवसातून दहादा बजावायचो की मापात केसाचा फरक चालणार नाही. ते हसून म्हणायचे, "तुमी सांगान तसं, बापा."

फार काम नव्हतं गं. टोकापासून दोन सुतांवर रेघ मारायची, बारीक करवतीनं कापायचं, काचकागद फिरवायचा. एका विमानाला पाव तास. त्यांनी चार दिवसांत चाळीस नीट करून दिली असती आणि हसले असते. मी नकाशा टेबलाच्या खणात ठेवला. संक्रांत झाली की सांगू म्हटलं. संक्रांत झाली. मग वाटलं, एवढ्याशा टोकाकडे कोण बघतो? ते जुन्याच फर्म्यावर उरलेली वीस करत राहिले.

साहेबानं पट्टी लावली तेव्हा भाटवे माझ्या शेजारी उभे होते. साहेबानं विचारलं, नवा नकाशा मिळाला नाही काय? आणि माझ्या तोंडातून निघालं, मिळाला, यांना दिला. ठरवून नाही बोललो. तोंडातून निघालं. सवयीची गोष्ट मात्र मी ठरवून जोडली. मला वाटलं, खेळणी करणारा माणूस, साहेब हसेल, चार शब्द बोलेल आणि सोडून देईल.

आणखी एक. आम्ही नकाशावरून फर्मा काढतो तेव्हा नकाशा पुठ्ठ्यावर ठेवून टाचणीनं रेघेवर भोकं पाडत जातो. पहिल्या नकाशाची चाळणी झाली होती. दुसऱ्यावर एकही भोक नव्हतं. नुसता तो कागद उजेडात धरला असता तरी कुणालाही कळलं असतं की त्याचा फर्मा कधी निघालाच नाही. तुझं ते लाकूड कमी होण्याचं कार्ड आलं त्याच दिवशी मी तो चुलीत घातला. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना.

मी वाईट आहे, बाई. हे पत्र वाचून फाडून टाक. हात जोडतो, फाडून टाक.


अमरावती, ता. २ जुलै १९४५

ती. सौ. बाईस,

सव्वा महिन्यानं तुझी एक ओळ आली: "मंग जाय अन् कोर्टात सांग." खाली सही नाही, आशीर्वाद नाही.

सांगणं सोपं आहे. खोटी साक्ष दिली म्हणून मला आत घालतील. नोकरी जाईल. या महिनाअखेर मला कायम करायचं ठरतं आहे, सात वर्षं वाट पाहतो आहे. सुभद्रेला दिवस गेले आहेत, दोनदा गर्भ गळाल्यानंतर हे तिसरं. तिला काय सांगू? आणि वर्षातले तीन महिने तर गेलेच. उरलेले जातील.

हे लिहून मी पुन्हा वाचलं. मला माझाच राग आला. तरीही फाडत नाही. तुला कळू दे मी कसा विचार करतो ते.

मला कायम होऊ दे. मग सांगतो. आईची शपथ.

शेषराव


अमरावती, ता. ३० ऑगस्ट १९४५

ती. सौ. बाईस,

सांगितलं.

लढाई संपली. शाळेला सुट्टी दिली, पोरांना पेढे वाटले. मला मागच्या महिन्यात कायम केलं. आता पुढे ढकलायला काही राहिलं नाही. म्हणून परवा सकाळी अंघोळ करून, धुतलेला कोट घालून, तीन पानांचा कबुलीजबाब घेऊन मी कोर्टात गेलो. सुभद्रेला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती भिंतीला टेकून बसली.

न्यायाधीशांनी मला आत बोलावलं. कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, तो भोकं नसलेला नकाशा कुठे आहे? मी म्हटलं, जाळला. छावणीतून तो डिसेंबरात आल्याची पोच? ती तर माझीच सही, आणि तो आला हे मी आधीच सांगितलेलं होतं. कुणी साक्षीदार? कुणी नाही. ओसरीवर आम्ही दोघंच. आणि दुसऱ्यानं तर कोर्टात कबूल केलेलं.

मी म्हटलं, साहेब, कानशीनं लाकूड कमी होतं, वाढत नाही. पंख मोजा. ते म्हणाले, कशाचा पंख मोजू? ती साठ विमानं छावणीनं कधीच मोडून टाकली.

मग त्यांनी चष्मा काढला आणि बापानं बोलावं तसं बोलले. म्हणाले, मास्तर, बहिणीच्या दुःखानं माणूस काय काय करतो हे मी जाणतो. तुमची नोकरी कायम झाली आहे, घरी बायको गरोदर आहे. हा कागद मी दाखल करून घेतला तर तुमचं वाटोळं होईल आणि त्याचा फायदा शून्य. लढाई संपली आहे, असले कैदी सरकार तसेही लवकर सोडणार आहे. घरी जा. आणि माझे तीन कागद त्यांनी माझ्याच हातात परत दिले. दारातला कारकून दुसऱ्याला म्हणाला, "साळा असावा तं असा."

तुला खोटं सांगणार नाही. बाहेर आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. मी सांगितलं ना? माझ्याकडून मी सांगितलं. घराच्या वळणावर येईपर्यंत ते टिकलं. पुढे नाही.

हेच तीन कागद या पत्रासोबत घालतो आहे. ते सुटून आले की तू त्यांना वाचून दाखव. कोर्टानं नाही मानलं तर नाही मानलं, ज्याच्या हाताला मी बट्टा लावला त्यानं तरी मानावं. त्यांनी मला जोड्यानं मारलं तरी चालेल. खरंच चालेल.

तुझा,
शेषराव


अमरावती, ता. २८ सप्टेंबर १९४५

बाई,

काल दुपारी भाटवे आले होते. सुटून दहा दिवस झाले म्हणाले. तू कळवलं नाहीस, आणि का कळवलं नाहीस ते मला काल समजलं.

मी शाळेतून आलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते, पूर्वी बसायचे त्याच जागी. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी पायरीवरच थांबलो. मनाशी म्हटलं, आता मारतील. मारू दे. दारात सुभद्रा उभी होती.

ते उठले आणि म्हणाले, "जयवंताच्या मायनं, तुमच्या बहिनीनं, तुमचे कागद वाचून दाखवले. तीनई पानं."

मी म्हटलं, सगळं खरं आहे.

ते हसले, बाई. दात किती गेलेत त्यांचे. म्हणाले, "आता तरी नका बोलू, मास्तर. माह्यासाठी तुमी कायम झालेली सरकारी नोकरी पणाले लावली. सोतावर आळ घेतला. सख्खा भाऊ असं करत नाई. गोवर्धन तं तुरुंगात मले पाहालेई आला नाई."

मी त्यांचे खांदे धरले. म्हटलं, नत्थुजी, ऐका, फर्मा नव्हता. पिवळा नव्हता, कोणताच नव्हता. मी कागद जाळला. तुमचा हात चुकला नाही. मी हे ओरडून म्हटलं. शेजारचे बाहेर आले.

त्यांनी मान हलवली, लेकराची समजूत काढावी तशी. "मले आठवते ना तो पिवळा फर्मा. खुंटीवर होता. मी सोता पाह्यला."

मग खाली बघून म्हणाले, "एक गुन्हा झाला माह्या हातून, तो सांगाले आलो. तुमच्या बहिनीवर म्या हात उचल्ला. सोळा वर्सांत पह्यल्यांदा. ती मनते का हे सारं खरं हाये, शेषरावनंच तुमाले बुडवलं. रोज तेच. लाकूड कमी होते, वाढत नाई, लाकूड कमी होते, वाढत नाई. म्या म्हनलं, देवमानसाले नावं नको ठेवू. तरी थांबे ना. मंग मारलं. तिच्या कानातून रगत आलं. तिले तुमी समजवा, मास्तर. तुमचं ऐकन ती."

बाई, तिथं माझं बोलणं संपलं. अजून एकदा म्हणायला हवं होतं. शंभरदा म्हणायला हवं होतं. अकोल्याला येऊन तुझ्या शेजारी बसून म्हणायला हवं होतं. पण आळीतले लोक ऐकत उभे होते, त्यांच्या तोंडावर माझ्याबद्दल कौतुक होतं, आणि मी गप्प झालो. तुला समजावतो असंही म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही.

तुझा कान कसा आहे? डॉक्टरला दाखवलास का? मला एक ओळ तरी लिही.

गाडीची वेळ झाली म्हणून ते निघाले. पायरीशी गेले, वळले, आणि वाकले. आपल्यात मोठ्या बहिणीच्या नवऱ्याच्या पाया साळ्यानं पडायचं असतं. त्यांनी माझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी पाय मागे घेतले नाहीत.

शेषराव